तिसऱ्या वर्षाचा बहर

चिमटीतलं फूल वाटाण्याएवढं, पांढरं, तोंडाशी आवळलेलं... नख लावलं की देठापासून सुटतं, कुरकुर म्हणून करत नाही – तिने ते पायाशी टाकलं आणि पुढच्या घोसाला हात घातला.

ब्लूबेरीची ही तीन झुडपं परसात लावली तेव्हा नर्सरीवाल्याने बजावलं होतं, पहिली दोन वर्षं फुलं खुडायची, मुळं धरू द्यायची, फळं तिसऱ्या वर्षी. त्याच सुमारास ती न्हाणीघरात घसरून पडली आणि मुलीने धोशा लावला – आता एकटीने राहणं पुरे, माझ्याकडे ये, खोली रिकामीच आहे – तेव्हा जीव सोडवून घ्यायला ती बोलून गेली, ‘ह्या झाडांची फळं खाल्ली की येते.’ मुलीने शब्द पक्का धरला. दोन वर्षं कशी छान गेली! हे तिसरं. आणि ह्या मेल्या झुडपांना काही पोच? पानांपेक्षा फुलंच जास्त.

“आई.”

दोन दिवस राहायला आलेली मुलगी मागे कधी येऊन उभी राहिली कोण जाणे. ती जमिनीवरच्या खुडलेल्या फुलांकडे बघत होती.

“नर्सरीवाल्याला विचारलं मी. तिसऱ्या वर्षी खुडत नाहीत म्हणाला.”

“कीड लागली होती गं.”

“कीड?”

“बारीक असते. दिसत नाही.”

“बरं,” मुलगी म्हणाली. “चहा टाकते.” आणि आत गेली.

बरं! भांडली असती तर चाललं असतं. पण हे ‘बरं’ – पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवणाऱ्या पोरीला म्हणावं तसलं... आणि खोटं काय त्यात? जन्मभर आपण हेच करत आलो. नवऱ्याच्या मित्रांचा गोतावळा नको असला की डोकं दुखायचं. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते तेव्हा मुख्याध्यापिकेने सुट्टीच्या दिवशी बोलावलं की घरी पाहुणे यायचे – नसलेले पाहुणे, त्यांची नावंसुद्धा मी ठरवून ठेवलेली! ‘नाही’ हा एवढासा शब्द, तो त्र्याहत्तर वर्षांत एकदाही कुणाच्या तोंडावर म्हटला नाही. आणि आता माणसं संपली म्हणून मुकी झाडं पुढे केली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि मग लाजेचाच भयंकर राग आला.

हात पुन्हा घोसाकडे गेला. थांबला. येऊ देत. काळीनिळी टपोरी फळं येऊ देत, मूठमूठ खाईन, ओठ निळे करून घेईन... आणि जाणार नाही. शब्द दिला होता – दिला होता, मोडते. पडले तर पडले, माझ्या न्हाणीघरात पडेन. पोर वाईट नाही. माझ्या काळजीने तिची झोप उडते, मला ठाऊक आहे. वाईट असती तर किती सोपं झालं असतं. ती रडेल. रडू दे... नाही, रडू नये. पण रडली तरी.

“आई, चहा गार होतोय!”

‘आले’ म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि सवयीने एक सबब जिभेवर आली – पाय आखडलेत, सावकाश येते – ती तिने गिळून टाकली. छाती धडधडत होती. भीतीच होती ती, दुसरं काही नाही. पण ह्या वेळी तिला भीतीच्या आड लपायचं नव्हतं.