सुपेल्याच्या भावावरून

"कमी केला," दौलतराव टीव्हीकडे पाहतच म्हणाले. "पाव टक्का कमी केला."

रमाबाई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अन् तुमी त वाढन म्हणत होते."

"म्हणत होतो."

स्टील प्लांटच्या हिशेब खात्यातून रिटायर झाल्यापासून दौलतरावांनी हा उद्योग मागे लावून घेतला होता. दर दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँक व्याजदर जाहीर करायची, आणि तिच्याआधी आठवडाभर दौलतराव. स्मृती नगरातली निम्मी पेन्शनर मंडळी बँकेत ठेव ठेवण्याआधी त्यांचा कौल घ्यायची. तज्ज्ञ कागद वाचतात, आपण बाजार वाचतो, असं ते मिशीत हसून सांगत. रविवारी सुपेल्याच्या भाजीबाजारात ते नुसते भाव विचारत हिंडायचे. घ्यायचे काहीच नाहीत, त्यामुळे भाजीवाल्या त्यांना पाहिलं की तोंड फिरवत. महागाई वाढली की व्याज वाढणार, एवढं साधं गणित. ते चार-पाच वेळा बरोबरही आलं, आणि तिथेच घात झाला.

या खेपेला टमाटर कडाडले होते. व्याज वाढणारच, असं दौलतरावांनी छातीठोकपणे सांगून टाकलं. पण जवळच्या धमध्याकडच्या भाजीच्या मळ्यांवर रोग पडला होता, म्हणून टमाटर महाग होते ते फक्त इथे. बाकी देशात स्वस्ताई होती. सुपेला म्हणजेच भारत, असं धरून चालले बिचारे.

नुसतं चुकण्याचं त्यांना एवढं वाटलं नसतं. पण शेजारच्या सत्यभामाबाईंना त्यांनी थांबवून ठेवलं होतं. नवरा, भाऊराव, गेल्यावर प्लांटकडून आलेला पैसा त्या फिक्स करणार होत्या, आणि "घाई करू नका वहिनी, व्याज वाढू द्या" असं दौलतराव दर वेळी सांगत आले होते. आता बँका ठेवींचं व्याज उतरवणार. त्या बाईला वर्षानुवर्षं कमी मिळणार, आणि तेही आपल्या पांडित्यापायी. ते तसेच उठले.

"चहा त घेऊन जा," रमाबाई म्हणाल्या. तोवर ते फाटकाबाहेर पडले होते.

सत्यभामाबाई अंगणात खाटेवर बिजोऱ्यांचे सांडगे वाळत घालत होत्या. "या न भाऊजी."

"वहिनी, माझं चुकलं. व्याज कमी झालं. माझ्या नादी लागून तुमचं नुकसान झालं."

सत्यभामाबाईंनी हातातली बिजोरी खाटेवर ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "नाही झालं भाऊजी. पोरानं, निखिलनं, तवाच फिक्स करून टाकलं. हे गेले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात."

दौलतरावांना हायसं वाटलं, आणि लगेच लागलंही. म्हणजे आपला शब्द कुणी धरलाच नव्हता.

"मंग दर खेपेले मले विचारत कावून होत्या?"

"तुमी बसून समजावून सांगता न. हे रोज पेपर वाचून सांगत जात मले, असं झालं, तसं झालं. आता घरात कोणी काही सांगत नाही. पोराले विचारलं त म्हणते, मम्मी, आप छोड़ो, आपको समझ नहीं आएगा."

दौलतरावांना राग यायला हवा होता. आला नाही. ते खाटेशेजारच्या ओट्यावर टेकले.

"मंग पुढच्या खेपेले काय होईन, भाऊजी? वाढन का अजून कमी होईन?"

उत्तर सवयीनं ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"मले नाही माहीत, वहिनी."

बिजोऱ्यांचं पातेलं बाजूला सारून सत्यभामाबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"कावून बरं माहीत नाही? सांगा."

आणि दौलतराव सांगू लागले.