उतारावरची आखणी

"दोरीला हात लावू नका!" ती ओरडली, पण तोवर नवऱ्याने दोरी तारेसारखी छेडलीही होती. टणकन आवाज झाला.

"बघ, कशी मस्त ताणलीय," तो हसत म्हणाला. "तुझ्या हाताला एवढा जोर कधीपासून आला गं?"

तिच्या हाताला जोर आला नव्हता. मागच्या रविवारी नव्या घराच्या आखणीसाठी ही नायलॉनची दोरी दोन खुंट्यांमध्ये तिनेच बांधली होती, आणि तेव्हा ती मधोमध चार बोटं लोंबत होती. वरची खुंटी शेजारच्या शिंपीकाकांच्या कुंपणापाशी, खालची आपल्या प्लॉटच्या उताराच्या मध्यावर. आठ दिवसांत पावसाचा थेंब पडला नव्हता. या बाजूला कोणी फिरकलंही नव्हतं. तरी दोरी ताठ झाली होती. म्हणजे दोन खुंट्यांपैकी एक जागची हलली होती, आणि खुंटी काही आपल्या पायांनी चालत नाही.

"अहो, जमीन सरकतेय," ती म्हणाली.

"झालं सुरू!" नवऱ्याने कपाळाला हात लावला. "उद्या सकाळी खोदाईचं मशीन येतंय आणि आज हिची जमीन सरकतेय."

गेली सव्वीस वर्षं ती एका वास्तुविशारदाच्या कचेरीत दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढत होती. बाहेर लोक तिला नकाशेबाई म्हणत. घरात मात्र तिचं नाव काळजीबाई पडलं होतं, आणि ते तिने स्वकष्टाने कमावलेलं होतं. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेली की परत येऊन ओढून बघायची. मुलगी सहलीला गेली की बस परत येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे. नवरा बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. गडी बिनधास्त, चालत्या इंजिनात हात घालणारा. तो चारचौघांत सांगायचा, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो म्हणतात. आमच्या हिच्यापाठी त्याचं अख्खं खटलं आहे."

पण या उतारावर बांधायच्या स्वतःच्या घराचा नकाशा काढताना ती पहिल्यांदाच भीती विसरली होती. भाड्याच्या दोन खोल्यांत, जेवणाची ताटं उचलली की ती टेबलावर कागद पसरायची. उतार कापून सपाट करायचा नाही, त्याच्याशी जुळवून घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं. गल्लीच्या पातळीवर स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली, म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना एकही पायरी नको. पाच पायऱ्या खाली बैठक. आणखी सहा पायऱ्या खाली मुलीची खोली, तिची खिडकी थेट दरीवर उघडणारी. पंधरा वर्षांच्या मुलीने खिडकीच्या पडद्याचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता. सहा महिने चौघं त्या कागदावर राहत होती.

नवरा सामान बघायला निघून गेला तशी ती चढण चढून शिंपीकाकांकडे गेली. काकांचं घर त्यांच्या प्लॉटच्या अगदी वर, चढत जाणाऱ्या त्याच गल्लीला लागून, एका खोलीचं आणि पडवीचं. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी ते गवंड्याच्या बरोबरीने स्वतः बांधलेलं. काकू गेल्यापासून ते एकटेच राहत आणि खिडकीपाशी बसून मशीन चालवत.

"दार लोटून या," आतून आवाज आला. "जोरात लोटा. महिना झाला, मेलं फुगलंय."

तिने दार लोटलं आणि उंबऱ्यातच थांबली. पिशवीतला गुण्या काढून तिने चौकटीच्या कोपऱ्याला लावला. एरवी काटकोनात घट्ट बसणारा गुण्या तिथे बसेना. वरच्या बाजूला करंगळी जाईल एवढी फट राहत होती.

"काका, दार फुगलेलं नाहीये. दार सरळ आहे. चौकट कलली आहे."

शिंपीकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "माणूस सत्तरीला आला की कलतो. घर कललं तर काय बिघडलं?"

"काका, मी मस्करी करत नाहीये. मागच्या वर्षी रस्ता रुंद करायला या टेकडीचा पायथा कापला, बरोबर? त्या कापलेल्या भागाखाली आता हिरवंगार गवत उगवलंय. बाकी सगळीकडे वाळलेलं आणि तिथेच हिरवं. म्हणजे आतून पाणी झिरपतंय. पायाखालचा आधार गेलाय आणि वरची माती ओली होतेय."

बोलता बोलता तिचं तिलाच काहीतरी जाणवलं. नेहमीच्या भीतीत तिच्या हाताला कंप सुटायचा, तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. आज गुण्या धरलेला हात जराही हलत नव्हता. आणि त्यानेच तिला धडकी भरली.

संध्याकाळी घरात वादावादी झाली. नवरा म्हणाला, मातीची तपासणी झालीय, खड्डे घेतलेत, कागद आहेत. ती म्हणाली, खड्डे वरच्या कोपऱ्यात घेतलेत, सोयीच्या जागी. तो म्हणाला, तुला घर नकोच आहे. यावर ती उठली. भांडी घासत राहिली.

सोमवारी सकाळी मशीन आलं. पिवळं धूड गल्लीतून घरघरत आलं, शेजारीपाजारी कौतुकाने बाहेर आले. ती खालच्या खुंटीपाशी जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो," नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "लोकांसमोर शोभा करू नकोस."

"आठ दिवस थांबा. फक्त आठ दिवस. तुम्ही इथे पाया खोदलात तर काकांचं घर खाली येईल."

"आठ दिवसांनी तू पुन्हा आठ दिवस म्हणशील! जन्मभर हेच बघत आलोय मी. तुझ्या भीतीपायी या घरात कुणी धड शिडीवर चढलं नाही!"

गल्लीच्या कडेला स्टूल टाकून सासूबाई बसल्या होत्या. त्या काठी आपटून म्हणाल्या, "अरे, मशीन परत पाठव."

"आई, तू पण?"

"तुझी बायको रोज घाबरते, मला का ठाऊक नाही? पण घाबरली की ती बडबडते. तिच्या बडबडीनं माझे कान किटलेत. काल संध्याकाळपासून मात्र ती गप्प आहे. मला त्याची भीती वाटते." मग जरा थांबून त्यांनी जोडलं, "मी मातीत जाईन तेव्हा जाईन. तुझ्या घाईपायी नाही जायची."

कोणीतरी फिस्सकन हसलं. नवऱ्याने मशीनवाल्याला हातानेच जायला सांगितलं आणि मान खाली घालून वर्कशॉपला निघून गेला. त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला.

शिंपीकाकांच्या मागे लागून लागून तिने त्यांना भाच्याकडे राहायला धाडलं. नगरपालिकेत अर्ज दिला. एक साहेब आले, खालच्या रस्त्यावर गाडीतून न उतरताच वर बघितलं आणि म्हणाले, "डोंगर तर जागेवर दिसतोय."

डोंगर खरंच जागेवर होता. आठ दिवस गेले, दहा गेले. ती रोज कचेरीत जाण्याआधी दोरी बघायची. दोरी जशीच्या तशी. केसाइतकाही फरक नाही. कचेरीत साहेब म्हणाले, "बाई, इतरांच्या घरांना कधी एवढं घाबरला नाहीत!" मुलगी फुरंगटून बसली. तिला घर हवं होतं आणि तिच्या लेखी ते आईने हिरावून घेतलं होतं.

अकराव्या दिवशी बसची वाट बघताना तिच्या मनात आलं, पडू दे एकदाचा तो डोंगर. पडू दे, म्हणजे सगळ्यांना कळेल. आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या अंगावर सरसरून काटा आला. आपण काय मागितलं? एखाद्याच्या घराचा सत्यानाश, कशासाठी, तर आपण खरे ठरावं म्हणून? ती थांब्यावरच्या बाकावर मटकन बसली. आलेली बस तशीच निघून गेली. त्या दिवशी तिने ठरवून टाकलं, की आपली चूक झाली. आयुष्यभर झाली तशीच हीही.

बाराव्या दिवशी कळलं, की शिंपीकाका परत आले आहेत. भाच्याकडे करमेना, आणि गिऱ्हाइकं दुसऱ्या शिंप्याकडे वळायला लागली होती. जेवणाच्या सुट्टीत ती त्यांची माफी मागायला गेली.

काका मशीनवर बसून कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होते. दार सताड उघडं होतं. "आता बंदच होत नाही," ते म्हणाले. "बरंच झालं, वारा येतो."

"काका, मी तुम्हाला उगीच त्रास दिला. माझा स्वभावच..."

पुढचे शब्द तिच्या तोंडात राहिले. जमिनीखालून आवाज आला. लहान, सुका, कटकन. एखादी काडी मोडावी तसा. मग आणखी एक. मग एकामागोमाग एक, जवळ येत येत. झाडांची मुळं तुटत होती. तिच्या पायाजवळच्या फरशीत केसासारखी भेग उमटली, आणि तिच्या डोळ्यांदेखत ती भेग बोटाएवढी झाली.

"काका, उठा."

"अहो, एवढी शिवण..."

तिने त्यांचं मनगट धरून ओढलं. शिंपीकाका उठले, पण दोन पावलांवर वळले. "थांबा! कोट दुसऱ्याचा आहे!" त्यांनी सुईसकट कोट ओढून काखेत मारला. दोघं मागच्या दाराने निघाली आणि चढणीवरच्या गल्लीकडे पळत सुटली. सत्तर वर्षांचा म्हातारा आणि बसच्या मागेही कधी न धावलेली बाई. गल्लीला लागताच पाठीमागे खोल, जाड असा सुस्कारा ऐकू आला.

तिने वळून पाहिलं. धाडकन काही झालंच नाही. दमलेल्या माणसाने अंग सैल सोडावं तशी ती सगळी बाजू सावकाश खाली निघाली. कुंपण, पेरूचं झाड, खुंट्या, दोरी, सगळं एकमेकांना धरून. शिंपीकाकांचं घर क्षणभर उभं राहिलं, मग गुडघ्यांत वाकलं आणि बसलं. खालचा रस्ता मातीखाली गेला. भर दुपार असल्याने त्यावर तेव्हा कोणी नव्हतं. नंतर कितीतरी वेळ नुसती धूळ उडत राहिली आणि कुठूनतरी पाणी वाहत असल्याचा आवाज येत राहिला.

आपण खरे ठरलो याचा आनंद तिला शोधूनही सापडला नाही. तिचे हात आता थरथरायला लागले आणि काही केल्या थांबेनात.

नवरा वर्कशॉपच्या कपड्यांतच धावत आला. आधी त्याने तिला पाहिलं, खांद्यांना धरून वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग गल्लीच्या कडेशी जाऊन तो खाली बघत राहिला. मुलीची खोली जिथे यायची होती तिथे आता काहीच नव्हतं, जमीनसुद्धा नाही.

"मशीन खाली उतरलं असतं," तो म्हणाला. "आणि मी त्याच्या शेजारी..." तो तिथेच फतकल मारून बसला. ती त्याच्याजवळ बसली. 'बघ, मी सांगत होते' हे वाक्य दोघांच्या मधोमध येऊन उभं राहिलं, पण तिने ते उच्चारलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढे कधीच नाही.

शिंपीकाका या चौघांच्याच भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आले. सासूबाईंनी आपली खाट भिंतीला सरकवून जागा केली. दोन दिवसांनी नगरपालिकेतला कारकून पंचनाम्याचे कागद घेऊन आला.

"घराचा नकाशा जोडावा लागेल," तो म्हणाला.

"नकाशा कुठला?" शिंपीकाका गोंधळले. "घर होतं. नकाशा नव्हता."

कारकून गेल्यावर तिने टेबल पुसलं आणि कोरा कागद पसरला. "सांगा काका. दारापासून सुरू करू."

काका सांगत गेले आणि ती काढत गेली. दार उत्तरेला. पडवी आठ फूट, नाही, साडेसात. खिडकी इथे, तिच्याखाली मशीन. नवरा दिवा जवळ ओढून बसला. मुलगी आईच्या खांद्यावरून पट्टी धरायला लागली. घर उभं राहत गेलं तसा काकांचा आवाज हळूहळू बसत गेला.

"या भिंतीला एक खिळा होता," ते म्हणाले. "त्यावर हिची शाल असायची. नकाशात दाखवतात का असं?"

नकाशात खिळे दाखवत नाहीत. तिने पेन्सिलीला टोक केलं आणि भिंतीच्या रेघेवर बारीक ठिपका दिला.

"किती उंचीवर होता, काका?"

शिंपीकाका उठून उभे राहिले. आठवून आठवून त्यांनी हात वर नेला, मग जरा खाली आणला. बुटक्या बाईचा हात सहज पुरेल, एवढ्या उंचीवर. ती आकडा लिहीपर्यंत त्यांनी तो हात तसाच हवेत धरून ठेवला.