वाट दाखवलेली राई

मी एक जुना घोडा आहे. गवत खाणारा नव्हे, चित्रकाराचा. तीन सागवानी पाय आणि चित्राची फळी टेकवायला एक आडवी पट्टी, एवढाच माझा देह. भोरच्या ज्या सुताराने मला घडवले, तोही हसून म्हणाला होता, "आजवर पाळणे केले, नांगर केले. घोडा हा पहिलाच."

मित्रांनो, मला घडवून घेतले ते त्रिंबकमास्तरांनी. ते भोरला शाळेत चित्रकला शिकवत. सुट्टी लागली की मला खांद्यावर टाकून वेल्ह्याकडच्या डोंगरांत शिरत. मार्गासनीपर्यंत बैलगाडी मिळाली तर मिळाली, पुढे नुसती पायवाट.

एकदा असेच वर चढताना आम्हाला बिरू धनगराचा वाडा लागला. बिरू, त्याची बायको आक्काबाई आणि त्यांची गुरं. वाड्यामागे देवाची राई होती. हिरडे, जांभळी, अंजनी. एकेक खोड असे, की दोघांच्या कवेत येऊ नये. तिथे कुणी काडीही मोडत नसे. राईच्या पोटातून एक झरा निघे आणि भर उन्हाळ्यातही गुरांना पाणी पुरे.

राईत शिरण्याआधी मास्तरांनी पायांतल्या वहाणा बाहेर काढल्या, तेव्हाच आक्काबाईने त्यांना आपले मानले. पुढे कित्येक सुट्ट्या आम्ही तिथेच काढल्या. आक्काबाई भाकरी आणून देई आणि चित्राकडे बघत उभी राही. "मास्तर, हितली सावली लई काळी झालीया," असे सांगायलाही ती बिचकत नसे. मास्तर खरोखर रंग बदलत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली. पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या, आणि कोळशाला सोन्याचे मोल आले. त्याच साली भोरला मास्तरांची चित्रे मांडली गेली. राईचे मोठे चित्र माझ्यावर होते. त्याच्यासमोर दौलतराव बराच वेळ उभे राहिले. हे मास्तरांचे लहानपणापासूनचे मित्र, एका बाकावर बसलेले. आता जंगलतोडीचे मक्ते घेत.

"त्रिंबक, ही झाडे खरी आहेत, की तुझ्या मनातली?"

"खरी आहेत," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"मग मला एकदा दर्शन घडव."

दौलतरावांनी ते चित्र विकत घेतले आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही तिघे डोंगर चढलो. आक्काबाईने पाहुण्याला घोंगडी अंथरली, चरवी भरून दूध दिले. दौलतरावांनी राईत हात जोडले. एका हिरड्याच्या खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारली. मास्तरांना वाटले, मित्राला भरून आले. दौलतराव माप घेत होते.

पुढच्या दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा खालूनच धूर दिसला. राई नव्हती. बुंधे होते, मातीने लिंपलेल्या कोळशाच्या भट्ट्या होत्या, आणि झऱ्याच्या जागी ओला चिखल. बिरू आम्हाला पाहून गुरांकडे निघून गेला. आक्काबाई शांतपणे म्हणाली, "तुमी आणलं म्हून आमी त्याला चुलीम्होरं बसवलं, मास्तर. एकला आला असता तर कुत्रं सोडलं असतं."

मास्तर तसेच भोरला परतले आणि थेट दौलतरावांच्या दिवाणखान्यात गेले. मी खांद्यावरच होतो. समोर भिंतीवर राईचे चित्र लावलेले होते, सोनेरी चौकटीत.

"माझ्या शब्दावर त्यांनी तुला घरात घेतले होते," मास्तर म्हणाले.

दौलतराव रागावले नाहीत. "तू तिथून चित्र आणलेस, मी झाडे आणली. रिकाम्या हाताने दोघेही आलो नाही."

मास्तरांनी चित्र परत मागितले. ते मिळाले नाही.

मग त्यांनी आठवून आठवून तीच राई पुन्हा रंगवली आणि आम्ही ती घेऊन वाड्यावर गेलो. झरा आटला होता. बिरू तट्टावर सामान लादत होता. ते गुरे घेऊन दुसरा डोंगर शोधायला निघाले होते. मास्तरांनी चित्र माझ्यावर ठेवले. आक्काबाईने एकेक झाड ओळखले, बोट लावून. मग हात मागे घेतला.

"लई ब्येस झालंय. पर न्हाई नेत. ह्येच्या सावलीत गुरं बसायची न्हाईत."

ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी ते चित्र खाली उतरवले, कोरी फळी चढवली आणि समोरचे बुंधे रंगवायला घेतले. एकही बुंधा गाळला नाही. पुढच्या प्रदर्शनात लोकांनी विचारले, "मास्तर, हे काय काढलेत?" ते म्हणाले, "मी वाट दाखवली तिथले आहे." त्यानंतर डोंगरातल्या कुठल्याही चित्राखाली त्यांनी गावाचे नाव लिहिले नाही.

आता मास्तर नाहीत. मी शाळेच्या अडगळीत आहे, एका पायाला वाळवी लागली आहे. मला पुसा, तेल लावा, तुमची चित्रे माझ्यावर टेकवा. मला आनंदच होईल. पण मित्रांनो, ज्या भरवशावर कुणी आपल्यासाठी दार उघडले, तो भरवसा माझ्यापेक्षा जास्त जपा. माझा पाय मोडला तर सुतार नवा बसवील. आक्काबाई मात्र वळणावरून गेली तेव्हा तिने मागे वळून पाहिले नाही, आणि मास्तर अंधार पडेपर्यंत त्या वळणाकडे बघत राहिले.