बाबा काय म्हणाले

माझ्या नवऱ्याला गावात सगळे पोपट म्हणतात, आणि ते प्रेमाने म्हणतात असा त्याचा समज आहे. तो पाहुण्यांना डोंगर दाखवतो. बर्फ वितळून वाटा मोकळ्या झाल्या की पाहुणे यायला लागतात. कुणाला नुसतं चालायचं असतं, कुणाला कड्यावरच्या रानबकऱ्या बघायच्या असतात, नशीब असेल तर अस्वल. संध्याकाळी मात्र सगळ्यांनाच आमच्या दुकानात यायचं असतं. पोपटाला त्यांची भाषा येते. गावात दुसऱ्या कुणाला येत नाही, त्यामुळे तो सांगेल ते खरं.

दुकान माझ्या बाबांचं. बाबा लाकडात प्राणी कोरायचे. बकऱ्या, घुबडं, कोल्हे, पण नाव झालं ते अस्वलांमुळे. लहानपणी त्यांच्या अस्वलांकडे पाठ करून बसायची मला भीती वाटायची. पुढे कुठल्याशा पुस्तकात त्यांचा फोटो छापून आला आणि पाहुणे त्यांना 'उस्ताद' म्हणत भेटायला येऊ लागले. बाबांना त्याचं फार कौतुक नव्हतं. फोटोत कान मोठे दिसतात, एवढीच त्यांची तक्रार.

मग बाबा विसरायला लागले. आधी हत्यारांची नावं गेली, मग आई वारली हे गेलं आणि रोज संध्याकाळी ते तिची चौकशी करू लागले. शेवटी मीही गेले. मला ते 'बाई' म्हणायचे, अगदी अदबीने. हातात पटाशी दिली तर दुसऱ्याचं मूल कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखी धरून बसायचे.

तेव्हापासून दुकानातलं सगळं मीच कोरते. शिकले बाबांकडेच, आणि माझी अस्वलं त्यांच्यापेक्षा कमी नाहीत, हे मी तोंड वर करून सांगते. पण लोकांना अस्वल नको असतं, उस्तादांच्या हातचं अस्वल हवं असतं. म्हणून पोपटाने डोकं लढवलं. बाबांना चामड्याचा एप्रन घालून खिडकीशी बसवायचं, समोर माझी अर्धवट झालेली वस्तू, हातात धार बोथट केलेली पटाशी. मी मागच्या खोलीत, दार लावून. रेडिओ मोठा, कारण पुढे उस्तादांचा हात थांबलेला आणि मागून हातोड्याचे ठोके चालू, असं कुणाच्या कानावर गेलं तर पंचाईत.

पाहुणे बाबांना प्रश्न विचारायचे. प्राणी कसा सुचतो, लाकूड कसं निवडता, वगैरे. एकदा बाबा म्हणाले, "मला लघवीला जायचंय." पोपटाने मान डोलवली आणि पाहुण्यांना सांगितलं, उस्ताद म्हणतात, प्राणी लाकडात आधीपासूनच अडकलेला असतो, मी फक्त त्याला वाट करून देतो. पाहुण्यांनी ते लिहून घेतलं. रात्री त्याने मला हे सांगितलं तेव्हा खोटं कशाला बोलू, मी पोट धरून हसले होते.

पुढे हसू आटलं. अनोळखी माणसं तोंडाशी येऊन बोलायला लागली की बाबा घाबरायचे, खुर्चीत मागे मागे सरकायचे. त्यावरही पोपटाकडे तोड होती. पाहुणे आले की पहिल्याच संध्याकाळी तो त्यांना बजावायचा: उस्ताद मौनात काम करतात. दुकानात दिसोत नाहीतर रानात, त्यांच्याशी बोलू नका, त्यांना अडवू नका. लांबूनच मान लववा आणि पुढे चला.

"रानात कुठे जातात ते?" मी विचारलं होतं. "अंगणात जायचं तर मला हात धरावा लागतो."

"अगं, लाकूड शोधत एकटे हिंडतात असं सांगितलं की लोकांना बरं वाटतं. तुझं काय जातं?"

या वर्षी बर्फ वितळायच्या आधीच मी त्याला सांगितलं, यंदा बाबांना बसवायचं नाही. मी कोरते हे उघड सांग, ज्याला घ्यायचं तो घेईल.

"हा एवढा हंगाम होऊ दे," तो म्हणाला.

"गेल्या वर्षीही हाच हंगाम होता."

त्यावर तो हसला. त्याच्या हसण्यापुढे माझं कधी चाललं नाही, आणि तेवढं एक सोडलं तर मी मुळीच गरीब गाय नाही.

त्या दिवशी पोपट सगळ्या पाहुण्यांना घेऊन सकाळीच कड्याकडे गेला, बकऱ्या दाखवायला. दुकानात चिटपाखरू येणार नव्हतं. मी बाबांना सवयीने एप्रन घालून खिडकीशी उन्हात बसवलं, गुडघ्यांवर शाल टाकली आणि मागच्या खोलीत कामाला बसले. अस्वलाचे कान राहिले होते. आणि मी दार लावलं, रेडिओ मोठा केला. कुणापासून लपायचं होतं? कुणापासून नाही. इतकी वर्षं पटाशी हातात घ्यायच्या आधी दार आणि रेडिओ, दार आणि रेडिओ, तसंच त्या दिवशीही केलं. माझ्या बापाची खुर्ची करकरली असेल, दुकानाचं दार वाजलं असेल, कदाचित त्यांनी 'बाई' म्हणून हाकही मारली असेल. मी गाणी ऐकत कान कोरत होते.

बाहेर आले तर खुर्ची रिकामी. एप्रन नीट घडी घालून खुर्चीवर ठेवलेला. त्यांचे बूट कोपऱ्यात तसेच होते, म्हणजे घरातल्या सपाता घालूनच गेले होते.

आधी आत्याकडे धावले. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आमच्या समोरच तिचं घर आहे, वरच्या मजल्यावर पाहुणे उतरतात. तिने काही पाहिलं नव्हतं. मग लाकूड गिरणीवाल्याला गाठलं. आधी एकदोनदा बाबा घरातून निघाले होते ते उतारानेच, सरळ गिरणीकडे, आणि त्यानेच हाताला धरून परत आणलं होतं. या वेळी तिकडे आले नव्हते. तरी आम्हाला वाटलं, खालीच कुठेतरी असणार. पूल बघितला, नदीकाठ बघितला, गिरणीमागचे ओंडक्यांचे ढीग बघितले.

दुपार उतरली तसा पोपट पाहुण्यांना घेऊन परतला. मी पुलाशी त्याला बाजूला घेतलं.

"बाबा सापडत नाहीत. तुझ्या लोकांना विचार, कुणाला वाटेत दिसले का."

तो एकदम मागे वळून बघायला लागला, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून. "हळू बोल. काय विचारू त्यांना? उस्ताद हरवले म्हणून?"

"मग काय झालं?"

"मग काय झालं! उस्ताद स्वतःच्या गावात हरवतात होय? सगळं उघडं पडेल. आणि आम्ही दिवसभर वरच होतो, दिसले असते तर मलाच दिसले नसते का?"

"आत्याकडे उतरलेले ते म्हातारा-म्हातारी शेवटपर्यंत तुमच्याबरोबर नव्हते. आत्या म्हणाली, गुडघे दुखायला लागले म्हणून दोघं अर्ध्यातून परत आले. त्यांना विचार."

"अगं, ते वरच्या वाटेने आले. तुझे बाबा चढ चढतील का? दोन पायऱ्या चढताना धाप लागते. खालीच असतील, बघ. संध्याकाळपर्यंत नाही सापडले तर विचारतो. आणि सगळ्यांना सांग, हाका मोठ्याने मारू नका. पाहुणे खिडकीत बसलेत."

मी त्याचं ऐकलं. हे मला माझ्याच तोंडाने सांगताना चीड येते, पण मी ऐकलं. खालून धुकं चढायला लागलं होतं. नदीकाठच्या झुडपांत मी माझ्या बापाला हाका मारत होते, त्याही कुजबुजत. गिरणीवाला म्हणाला, "अशा हाकेने मांजर तरी येईल का?"

आत्या मला चहा द्यायला पुलापर्यंत आली. बोलता बोलता म्हणाली, "ते वरचे दोघं मात्र खुशीत आहेत. आल्यापासून फोनमध्ये बघतात आणि एकमेकांचे हात धरून बसतात. अस्वल दिसलं वाटतं." मी चहा घेतला आणि पुन्हा खाली गेले.

पाऊस आला, बारीक, बर्फासारखा गार. अंधार पडता पडता पोपट धावत आला. छत्री नाही, टोपी नाही. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"वर आहेत," तो म्हणाला. "वरच्या फाट्यावर. त्या दोघांना भेटले होते. दुपारी. जेवताना सांगितलं त्यांनी आत्ता."

"भेटले म्हणजे? आणि सोडून आले?"

तो वळून गावच्या वनरक्षकाच्या घराकडे धावला. त्याने उत्तर द्यायची गरज नव्हती. कुणी, कुणाला, काय बजावून ठेवलं होतं, ते मला पाठ होतं.

वनरक्षकाने मोठे दिवे घेतले आणि आम्ही वर चढलो. आता सगळे बेंबीच्या देठापासून ओरडत होते, पोपट तर सर्वांत मोठ्याने. धुक्यात दिव्याचा उजेड हातभर जाऊन थांबायचा. फाट्यावर बाबा नव्हते. एक सपात चिखलात रुतलेली सापडली. वनरक्षकाने आम्हाला पुढे जाऊ दिलं नाही, कडा तिथून जवळ आहे.

सकाळी धुकं उठल्यावर त्यालाच ते सापडले, फाट्याखालच्या घळीत, एका दगडाला पाठ टेकून बसलेले. दोन्ही हात बगलेत.

"पडले नाहीत," तो मला म्हणाला. चांगला माणूस आहे, मला धीर देत होता. "कुठे खरचटलंसुद्धा नाही. चालून दमले आणि बसले. थंडीने गेले, रात्री कधीतरी. त्रास झाला नसेल."

रात्री कधीतरी. म्हणजे मी नदीकाठी कुजबुजत होते तेव्हा ते जिवंत होते. आत्याने चहा आणला तेव्हाही होते. समोरच्या घराचा जिना चढून एक प्रश्न विचारायचा होता, तेवढाच.

बाबांना आणून दुकानातच ठेवलं, कारण घरात तीच खोली मोठी. गाव येऊन जात होतं. दुपारी ते म्हातारा-म्हातारी आले. रीतसर काळे कपडे नव्हते म्हणून बहुधा, दोघांनी कोटाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावली होती. माणसं वाईट नाहीत. म्हातारीने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि ती खरंच रडली. मग ती पोपटाशी बोलली आणि तिने फोन काढला.

"म्हणतात, त्यांच्याकडे बाबांचं चित्रण आहे," पोपट मला म्हणाला. "तुला बघायचं आहे का, विचारतात. नको बघूस."

मी फोन हातात घेतला.

फाट्यावरची वाट. बाबा समोरून येतायत, लोकरी टोपी एका कानावर, पायात सपाता. त्यांना हे दोघं दिसतात आणि त्यांचा चेहरा असा उजळतो, जसा तो माझ्याकडे बघून कित्येक महिन्यांत उजळला नव्हता. हात पुढे करून ते जवळ येतात.

"बाई," ते म्हणतात, "माझं घर कुठे आहे हो?"

फोन जरा हलतो, हे दोघं मागे सरकले असणार. म्हातारा मान लववतो.

"माझं घर कुठे आहे? पोरगी वाट बघत असेल माझी."

म्हातारीचीही सावली वाकते. मग चित्र बाबांना वळसा घालून पुढे जातं आणि संपतं.

खोलीत आत्या होती, गिरणीवाला होता, सगळ्यांनी ऐकलं. आत्याने पदराचा बोळा तोंडात कोंबला. म्हातारी हळूच पोपटाला काहीतरी विचारत होती. शब्द कळले नाहीत तरी विचारते काय ते कळलं. ते काय म्हणाले, असं विचारत होती.

पोपटाने डोळे पुसले. घसा साफ केला. आणि त्यांच्या भाषेत बोलायला लागला, सावकाश, खालच्या आवाजात, बरंच लांब. तो सूर मी दाराआडून वर्षानुवर्षं ऐकलाय. त्यातला 'लाकूड' मला कळला, 'डोंगर' कळला. म्हातारी ऐकता ऐकता रडत होती आणि रडता रडता तिला हसू येत होतं. ती मान हलवत राहिली, जणू तिला काहीतरी मोठं मिळालं होतं.

दुकानदारीपुरते चार शब्द मलाही येतात. 'सुंदर' येतो, 'हात' येतो. आणि 'घर' आणि 'कुठे' तर नक्कीच, कारण वाट चुकलेला पाहुणा दुकानाच्या दारात उभा राहून रोज तेच विचारतो.

मी फोन तिच्यासमोर धरला, बाबांच्या तोंडावर बोट ठेवलं आणि तिच्या भाषेत म्हणाले, "घर. कुठे."

तिला कळलं नाही.

"घर कुठे," मी पुन्हा म्हणाले. "घर कुठे."

म्हाताऱ्याला आधी कळलं. तो मागे सरकून खिडकीशी असलेल्या खुर्चीत बसला. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे, मग खोलीच्या मध्यावर पांघरूण घातलेल्या बाबांकडे. तिचं हसू कुठे ठेवावं हे तिला कळेना.

"अगं, त्यांचा काय दोष?" पोपट पुटपुटला. "कशाला सांगितलंस?"

"अजून सगळं कुठे सांगितलं?" मी म्हणाले. पोरगी वाट बघत असेल, हे मला त्यांच्या भाषेत येत नव्हतं. ते त्याला येत होतं. "पुढचं वाक्य तू सांग. ते म्हणाले तसंच सांग."

सगळे त्याच्याकडे बघत होते. म्हातारीही बघत होती. त्याने दोनदा तोंड उघडलं. मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.