घडाच्या पोटातली काजळी

त्या वाइनरीत सगळे त्यांना नाकसाहेब म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्यांनाही ते आवडे. तीस वर्षं वाइन बनवणारा माणूस; झाकण उघडायच्या आधीच टाकीत काय बिघडलंय ते सांगणारा. एकदा कामगाराच्या डब्यातली भाजी आंबल्याचं त्यांनी दहा पावलांवरून ओळखलं होतं आणि तो किस्सा ते स्वतःच वर्षातून चारदा सांगत. पाचव्यांदा सांगायला लागले की त्यांच्या वहिनी मध्येच म्हणत, "भावजी, ती भाजी आता पुरा. बारा वर्षं झाली."

थोरला भाऊ गेल्यापासून बाग आणि वाइनरी दोघांच्या वाट्याला आली होती. टाक्या नाकसाहेबांच्या, बाग आणि घड निवडायचा सरकता पट्टा वहिनींचा. वहिनींची मुलगी शिकून आली आणि बुचं ठेवायच्या खोलीत तिने प्रयोगशाळा थाटली. खोली इतकी लहान की दोन माणसं आत शिरली तर एकाने श्वास सोडल्यावर दुसऱ्याने घ्यायचा. नाकसाहेब तिला 'भातुकली' म्हणत आणि पुतणीला 'डॉक्टरीणबाई'.

त्या वर्षी उकाडा दमट होता. बागेच्या खालच्या तुकड्यातली काळी द्राक्षं पिकून तयार झाली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "सोमवारी तोडू या." नाकसाहेबांनी एक मणी चावला, डोळे मिटले, बराच वेळ मिटलेलेच ठेवले आणि म्हणाले, "अजून आठ दिवस. साखर अजून बोलत नाहीये."

"काय बोलायला हवंय तिने?" वहिनींनी विचारलं. पण टाकीत काय आणि कधी जायचं यात शब्द नाकसाहेबांचा, म्हणून सगळे आठ दिवस थांबले.

तोडणी सुरू झाली आणि घड दिसायला देखणे निघाले. गच्च, काळेभोर, वरून एकही डाग नाही. राखाडी बुरशी लागलेले चार-दोन घड पट्ट्यावरच्या बायकांनी केव्हाच बाजूला काढले होते. ती बुरशी आंधळ्यालाही कळते. नाकसाहेबांनी पहिले साठ क्रेट सकाळीच गाळपाला घातले, टाकी भरली, वर वाकून वास घेतला आणि बोटं चुंबून हवेत उडवली.

थोड्या वेळाने ते भातुकलीत डोकावले. पुतणीने टाकीतला रस काढून त्यात एक कागदी पट्टी बुडवली होती. पट्टीवर एकच लाल रेघ उमटली होती.

"एकच! दोन आल्या असत्या तर भानगड होती, काय?" ते खूश होऊन म्हणाले.

"उलटं आहे काका. दोन आल्या तर रस चांगला. विष असलं की एक रेघ पुसली जाते."

नाकसाहेबांचा चेहरा क्षणभर त्या पट्टीसारखाच झाला. मग ते सावरले. "पट्टी खराब असेल."

"तीन पट्ट्या लावल्या."

"तिन्ही एकाच डब्यातल्या ना? मग डबा खराब. अगं, मी वास घेतलाय. चव घेतलीय. बुरशी असती तर मला कळलं नसतं?"

"हे विष बुरशी मागे सोडून जाते. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. आंबवलं तरी बरंचसं उरतं. वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर मूत्रपिंडाला जड जाऊ शकतं. तुझ्या नाकाचा यात काही दोष नाही, त्याला इथे कामच नाही."

माणसाला शिव्या दिलेल्या सोसतात, पण माफ केलेलं सोसत नाही. नाकसाहेब तरातरा पट्ट्यापाशी गेले, क्रेटमधून एक घड उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "दाखव! कुठे आहे बुरशी?"

पुतणीने घड हातात घेतला आणि पाव फोडावा तसा मधोमध उकलला. पट्ट्यावरच्या बायका पुढे झुकल्या. कुणीतरी "अगं बाई" म्हटलं. नाकसाहेबांनी घड डोळ्यांजवळ नेला, मग लांब नेला, मग पुन्हा जवळ.

"मला तर काही दिसत नाही."

"कसं दिसेल?" वहिनी म्हणाल्या. "गेल्या वर्षी डॉक्टरांनी चष्मा लिहून दिला, तो अजून दुकानात वाट बघतोय." त्यांनी आपला चष्मा काढला. गुलाबी दोरीचा होता. दिराच्या नाकावर त्यांनी तो स्वतः चढवला. बायकांनी माना खाली घातल्या, पण खांदे हलायचे थांबेनात.

चष्म्यातून मात्र दिसलं. आतल्या मण्यांना अळीने सुईएवढी भोकं पाडली होती, आणि प्रत्येक भोकाभोवती काजळीसारखी काळी भुकटी बसली होती. बाहेरून गच्च दिसणाऱ्या घडाने सगळं पोटात लपवलं होतं. नाकसाहेबांनी दुसरा घड फोडला. स्वच्छ. तिसरा, चौथाही. पाचव्यात पुन्हा काजळी. साल जितकं मऊ, तितकी भोकं जास्त. आणि शेवटच्या आठ दिवसांत साल मऊच होत गेलं होतं. हे त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही.

त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"मी काहीही म्हणत नाहीये," वहिनी म्हणाल्या.

"म्हणा की."

"नाही म्हणत. पण न म्हणायला मला किती कष्ट पडताहेत ते तुम्ही लक्षात ठेवा."

प्रश्न भरलेल्या टाकीचा होता. नाकसाहेब तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि हळूच पुतणीला म्हणाले, "बागेच्या वरच्या तुकड्याचा रस स्वच्छ आहे ना? दोन्ही मिसळले तर? विष पातळ होईल. तुझ्या पट्टीवर दोन रेघा येतील."

विषारी रस चांगल्यात मिसळायचा नाही, हा नियम पुतणीला माहीत होता, पण काकांना नियम सांगायचा तिचा धीर होईना. बोलल्या त्या वहिनी, आणि या वेळी त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

"ती बाटली आपल्या टेबलावर आली, तर पहिला पेला तुम्ही या पोरीला भरून द्याल?"

नाकसाहेब टाकीच्या मागे गेले, कचऱ्याच्या टँकरची नळी स्वतः ओढत आणली, जोडली आणि तोटी फिरवली. मदतीला आलेल्या कामगाराला त्यांनी हातानेच थांबवलं. जांभळा रस नळीतून गेला, शेवटी चोथा उरला, तोही त्यांनी फावड्याने ओढून काढला. अर्धा तास लागला. ते टाकीतून बाहेर आले तेव्हा कोपरापर्यंत जांभळे होते. वहिनींनी पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाल्या, "चला. उरलेले क्रेट स्वतःहून निवडले जाणार नाहीत."

"मी? पट्ट्यावर?"

"तिथे एक जागा रिकामी आहे. आणि तिथे माझा शब्द चालतो."

मग नाकसाहेब गुलाबी दोरीचा चष्मा लावून दोन बायकांच्या मध्ये बसले. प्रत्येक घड उकलायचा, बघायचा, काळं दिसलं तर आख्खा घड बादलीत. पहिल्या तासाला त्यांच्या शेजारणीने त्यांनी पुढे सोडलेले तीन घड परत आणून दिले. "साहेब, हा बघा. आणि हा. हा तर तुम्ही उकललाच नाही." दुसऱ्या तासाला एकच परत आला. तिसऱ्या तासाला त्यांनी शेजारणीचा एक पकडला आणि असे काही ओरडले की गाळपयंत्रावरचा माणूस धावत आला.

दुपारी चारला निवड संपली. जवळजवळ निम्मी द्राक्षं बादलीत गेली होती. उरलेल्यांची टाकी निम्म्याच्या वर चढली नाही. पुतणीने रस काढला, पट्टी बुडवली. या वेळी भातुकलीत तिघं शिरले. कुणीच श्वास घेत नव्हतं, त्यामुळे जागेची अडचण झाली नाही. एक रेघ आली. मग बऱ्याच वेळाने, आढेवेढे घेत, दुसरी.

"दोन," नाकसाहेब म्हणाले. मग खात्रीसाठी पुतणीकडे वळून, "दोन म्हणजे चांगलं ना?"

"चांगलं, काका. तरी एक नमुना मी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतेय."

"पाठव. दोन पाठव."

बाहेर येऊन ते रिकाम्या क्रेटच्या थप्पीला टेकले आणि बोलता बोलता बसल्या जागी झोपले. हात अजून जांभळे होते, तोंड किंचित उघडं. बायका पट्टा धुवायला पाइप घेऊन आल्या तेव्हा वहिनींनी त्यांना लांबूनच खूण केली.

"अर्ध्या तासाने धुवा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "तोवर बसा सगळ्या. मीही बसते."