ज्ञानू पाण्यात उतरला

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात ज्ञानूनं उभी हयात पाठीवर गोणी वाहिली. रिटायर झाला आणि बोनकोड्यातल्या घराच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसला, तो बसलाच. बोलणं तुटलं, जेवण निम्म्यावर आलं. मान वाकलेली ती तशीच राहिली. कुणी तब्येत विचारली की म्हणायचा, "मला काय धाड भरलीय?"

त्याची लेक मंजुषा नेरूळच्या एका कॉलेजात शिकवते. तिनं हिवाळ्याच्या सुट्टीत आईवडिलांना अंदमानला न्यायचं ठरवलं.

"समुद्र बघायला इमानानं कशाला जायचं?" ज्ञानू म्हणाला. "वाशीच्या पुलावरनं दिसतोय की."

"ती खाडी आहे, आबा."

"पानीच की ते."

पण शकुबाईनं बॅग भरली होती. बायको आपल्याशिवाय निघते म्हटल्यावर तो मुकाट उठला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते लाँचनं जॉली बॉय बेटाकडे निघाले. तिथं प्लास्टिक न्यायला बंदी. जेटीवरच्या माणसानं शकुबाईची चटणीची पिशवी काढून घेतली, तेव्हा तिनं चटणी भाकरीवर पसरून भाकरी दुमडली आणि फडक्यात बांधली.

बेटावर ना दुकान, ना घर. झाडं थेट पाण्यापर्यंत आलेली. मास्क लावून पाण्यावर पालथं तरंगायचं आणि खालची प्रवाळं बघायची, असं गाइड अभिरामनं हिंदीत समजावलं.

"मी न्हाय," ज्ञानू म्हणाला. तो माण तालुक्यातला. लहानपणी विहिरीत पोहण्याइतकं पाणीच नसायचं.

"मग मी जाते," शकुबाई म्हणाली. लेकीची पँट, टी-शर्ट, वर लाइफ जॅकेट घालून ती खरंच गेली. तिचं तोंड पाण्याखाली गेलं तसा तो वाळूतनं ओरडला, "अगं ए!"

ती परत आली तेव्हा डोळ्यांभोवती मास्कचा वळ होता आणि धाप लागलेली.

"अवो, खाली आख्खं गाव वसलंय! घरं हायती, गल्ल्या हायती. एवढी गर्दी, पन कुनी कुनाला धक्का मारत न्हाय."

"बरं."

"बरं काय? तुमी न्हाय बघितलंत तर घरी गेल्यावर मी बोलू कुनाशी?"

ज्ञानू उठला. त्यानं शर्ट काढला.

पहिल्या खेपेला तो ताठच राहिला. खारं पाणी नाकातोंडात गेलं. उभा राहून म्हणाला, "बास." अभिराम हवेची रिंग धरून तसाच थांबला. "अंकल, बॉडी ढिली छोडो. मैं पकडा है ना."

दुसऱ्यांदा त्यानं अंग सोडलं. मान खाली, हात पसरलेले. पाठीवर काहीच नव्हतं, उलट पाण्यानंच त्याला उचलून धरलं होतं. खाली सांबराच्या शिंगांसारखी प्रवाळं होती, काही पांढरी पडलेली. निळे मासे त्यांच्यातून आतबाहेर करत होते. एका मोठ्या शिंपल्यावर त्याची सावली पडली तसा तो हळूच मिटला. ज्ञानू पाण्यातच हसला आणि पुन्हा खारं पाणी प्याला.

किनाऱ्यावर आल्यावर त्यानं अभिरामला विचारलं, "वो सफेद सफेद है, वो मर गया क्या?"

"पानी गरम हुआ तो बहुत मरा, अंकल. पर देखो, कहीं कहीं नया आ रहा है."

परतीच्या लाँचवर ज्ञानू बोलत सुटला. कुठला मासा कुठं शिरला, कुणाचं तोंड कसं होतं. शेजारचे लोक वळून बघायला लागले. शकुबाईनं भाकरीचं फडकं सोडलं, तुकडा मोडून त्याच्या हातात दिला आणि ऐकत बसली. मंजुषा समुद्राकडं तोंड करून डोळे पुसत होती.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी त्यानं लेकीला विचारलं, "पोहायला कुठं शिकवत्यात गं?"

नेरूळला स्विमिंग पूल होता. कोचनं वय ऐकून डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं. ते घेऊन ज्ञानू दुसऱ्या दिवशी हजर. सुरुवातीला नुसता कठड्याचा दांडा धरून पाय मारणं चाललं. गेल्या शुक्रवारी कोचनं पोटाखाली हात दिला आणि त्यानं दांडा सोडला. थोडा पुढं गेला, बुडाला, खोकत उभा राहिला.

"काका, आज पुरे," कोच म्हणाला.

"पुरे कसलं?" ज्ञानू नाक पुसत म्हणाला. "धरा पोटाला. परत."