परखी कुठे खुपसली?

मित्रांनो, मी एक जुनी परखी आहे. परखी म्हणजे टोकदार लोखंडी नळी. पोत्यात खुपसली की पोते न उसवता आतले दाणे बाहेर येतात. लोहाराने मला घडवले तेव्हा मी फार मिरवले होते. खरेखोटे पारखणारी म्हणून तर माझे हे नाव! आज त्या नावाची मला चीड येते.

सालेकशाकडच्या एका धान खरेदी केंद्रावर माझे आयुष्य गेले. तिथे धानाची प्रत ठरवणारा टेकचंद नावाचा ग्रेडर मला वापरतो. नियम असा की पोत्यात वर, मध्ये आणि खाली मला खुपसायचे, दाणे एकत्र करायचे आणि मगच मशीनवर ओलावा मोजायचा. पण ओळखीच्या गावकऱ्यांची पोती आली की टेकचंद मला फक्त मधोमध खुपसतो. तिथला धान खडखडीत असतो. जंगलाकडच्या गोंड टोलीची, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीची, पोती मात्र रात्रभर केंद्राच्या आवारात उघड्या मातीवर ताटकळतात. त्यांच्या दवाने भिजलेल्या तळाशी तो मला खुपसतो. मी जिथे जाते, तिथलेच दाणे आणते.

टोलीवरच्या देवकाबाईचा धान असाच ओला ठरून दोनदा परत गेला.

"ओला कायले राहीन? चांगला उन्हात वाळवला मी," ती म्हणाली.

"मशीन का झूठ बोलून राहिली?" टेकचंदने तिला गप्प केले.

हमीभाव हातचा जाणार हे तिला दिसत होते. मग टोलीने तक्रार केली, "आमचाच धान काऊन परत जाते?"

चौकशीला शहरातून भूमिका मॅडम आल्या. भल्या होत्या. गावाची किती पोती परत जातात आणि टोलीची किती, या फरकाचे दोन भाग करायचे, त्यांनी समजावले. कारण सापडते तो एक, सापडत नाही तो दुसरा. भेदभाव शोधायचा तो दुसऱ्या भागात. त्यांनी गावाची आणि टोलीची सारख्या ओलाव्याची पोती एकमेकांशी ताडून पाहिली. फरक उरलाच नाही! "कारण ओलावा. भेदभाव आढळला नाही," असा अहवाल गेला. आकडेमोड चोख होती. तो ओलावा कुठून काढला, हे मात्र कोणी विचारले नाही. मला तर कोण विचारणार?

वर अहवालाने सुचवले की टोलीला धान वाळवण्याचे प्रशिक्षण द्यावे. शिकवायला उभा राहिला टेकचंदच. जन्मभर धान वाळवलेली देवकाबाई समोर सतरंजीवर बसली होती.

"धान तं वाळलाच हाय साहेब," ती म्हणाली. "आता तुमच्या इथली माती वाळवू का?"

सगळे हसले. टेकचंदही हसला. मला मात्र रडू आले, पण लोखंडाला रडताही येत नाही.

मित्रांनो, दोन समाजांमधल्या फरकाचे कारण सापडले असे कोणी सांगितले, तर लगेच माना डोलवू नका. ते कारण कोणाच्या हातांनी मोजले, ते आधी विचारा.

यंदा टोलीवरून कोणीच आले नाही. देवकाबाईने धान व्यापाऱ्याला पडेल त्या भावात दिला. केंद्रावरून टोलीचे एकही पोते आता परत जात नाही. पुढच्या अहवालात फरक मिटला असे लिहितील.